कानशीला खडू

बावीस वर्षं मकरपुऱ्यात फिटर होतो,
त्यातली शेवटची सहा फोरमन.
खातं बंद झालं तेव्हा हातात आला एक चेक,
एक भिंतीवरचं घड्याळ,
आणि साहेबांचं वाक्य, "शिर्के, तुम्ही आता शिकवा की कुठेतरी."
जसं काही शिकवणं म्हणजे
काम उरकल्यावर हात पुसायचं फडकं.

तरसालीचा रात्रवर्ग. करार अकरा महिन्यांचा.
घरी मराठी, वर्गात गुजराती, पुस्तक हिंदी.
पुस्तकात तिला रेती म्हणतात,
पण आपल्याकडे आणि त्यांच्याकडे कानस ती कानसच.
त्या एका शब्दाला धरून मी पहिला पाऊण तास काढला.
मग बोलायला काही उरलं नाही.
समोर चौदा जण:
ड्युटीवरून थेट आलेला रखवालदार, शिट्टी अजून गळ्यात,
दिराशी भांडून दुकानाची किल्ली मिळवलेल्या हसुमतीबेन,
कवांटचा जेसिंग राठवा, जो वाइसला
बैलाच्या शिंगासारखा धरायचा.

जेसिंगच्या हातातून मी कानस ओढून घेतली.
"अरे असं नाही, असं."
बारा हात मारले, बाजू आरसा.
तो बाजूला उभा, पाहुण्यासारखा.
दुसऱ्या दिवशी विचारलं, "तुझा जॉब कुठाय?"
म्हणाला, "ए तो तमारो छे, सर."
आणि भंगारातून उचललेला
नवा तुकडा वाइसमध्ये आवळू लागला.

त्या रात्री स्कूटर ढकलत घरी आलो.
पेट्रोल होतं.

खडू फळ्यासाठी मिळतो, महिन्याला एक डबी, सही करून.
मी तो कानशीला फासतो,
दात्यांत लोखंडाचा चुरा अडकू नये म्हणून.
स्टोअरच्या पारेखबेन विचारतात,
"शिर्केभाई, एवढं काय लिहिता रोज?"

तिसऱ्या वर्षी पाठ फिरवून उभं राहायला शिकलो.
हात मागे बांधून, खिडकीकडे तोंड करून.
सरळ गेलेली कानस खर्र म्हणते आणि गप्प होते,
डोलणारी शेवटाला जराशी चिरकते.
"रखवालदारकाका, खांदा नको, कंबर."
काकांना वाटतं माझ्या डोक्याला मागून डोळे आहेत.
जानेवारीत सगळ्यांचाच आवाज बिघडतो,
मांज्याने कापलेली बोटं घेऊन येतात,
मूठ नीट बसत नाही.
त्या आठवड्यात मी फक्त मार्किंग घेतो
आणि कोणाचा पतंग कोणी कापला ते ऐकतो.

गुण्या टेकवा, दिव्यासमोर धरा.
पात्याखालून उजेड आला तर तिथे खोल आहे,
तिथे हात लावायचा नाही.
घासायचं जिथे अंधार आहे तिथे.
हे सांगायला एक मिनिट लागतं.
नवशिका नेमका उजेडाकडेच धावतो कानस घेऊन,
आणि मी खिडकीतून पार्किंग बघत
जीभ दाताखाली धरून उभा.
आख्खी बाजू वाया जाते कधीकधी.
जाऊ देतो. लोखंड स्वस्त आहे,
निदान त्या खात्यात.

परवा सगळे गेल्यावर खण आवरताना
माझा पहिला चौकोन सापडला,
शिकाऊ असतानाचा, नंबर ठोकलेला, सतरा.
इतकी वर्षं टेबलावर कागद दाबायला होता.
सहज गुण्या लावला, ट्यूबसमोर धरला.
बराच वेळ धरला.

काल इतरांच्या तुकड्यांत मिसळून
तो हसुमतीबेनना तपासायला दिला.
चष्मा वर सारून त्यांनी चारही कडा बघितल्या.
"आमां तो अजवाळुं छे, सर. कोणाचा हा?"

"आहे एक," म्हणालो.
"नवीनच आलाय."